नवस, बंध व करार : स्कॉटलंडच्या इतिहासांतील एक पाठ

नवस म्हणजे काय हें आमच्या गांवांतील लहान मुलासही ठाऊक असतें. मूल आजारी पडलें किंवा विहिरीस पाणी लागेना, कीं मनुष्य बोली करतो, "एवढें होऊं दे, म्हणजे मी तें देईन." संकट टळलें म्हणजे बोलीही पुष्कळदां विसरली जाते. म्हणून या पाठासाठीं आम्ही अशा एका लोकांचें उदाहरण घेतलें आहे, ज्यांनीं नवसापायीं व शपथेपायीं फार सोसलें, आणि फार चुकाही केल्या. ते स्कॉटलंडचे लोक होत. सन १८२९ त मुंबईस आलेले डॉ. जॉन विल्सन त्याच देशचे. तेव्हां त्यांचा इतिहास आमच्या मंडळ्यांस अगदींच परका नाहीं.

शब्दाचा अर्थ. — स्कॉटलंडच्या सखल भागांत सुमारें १७०० सालापर्यंत जी भाषा लिहीत व बोलत, तीस जुनी स्कॉट्स भाषा म्हणतात. तींत नवसास ‘वाउ’ किंवा ‘अवाउ’ म्हणत. मूळ शब्द लॅटिन ‘वोटुम’. तो फ्रेंच भाषेच्या वाटेनें तेथें पोंचला. निवडणुकींतला ‘व्होट’ हा शब्दही त्याच मुळाचा. ‘वाउ’ म्हणजे देवास दिलेलें वचन, तसेंच मनुष्यांसमोर ठामपणें केलेली प्रतिज्ञा. पुढें मात्र नवल वाटलें कीं लोक सहज ‘वाउ !’ म्हणूं लागले. आमच्या बाजारांत भाजीच्या भावासाठीं ‘देवाशपथ’ खर्च होते, तसेंच हें. शब्द ऊठसूट वापरला म्हणजे त्याचें वजन जातें.

राजांचे नवस. — रॉबर्ट ब्रूस राजानें आपल्या पापांच्या क्षमेसाठीं धर्मयुद्धास जाण्याचें मनांत धरलें होतें. परंतु राज्याच्या कामांत तें राहून गेलें. सन १३२९ त मरणसमयीं त्यानें सर जेम्स डग्लस यास आपलें हृदय घेऊन जाण्यास सांगितलें. डग्लस १३३० सालीं स्पेन देशांत लढतांना पडला, आणि तें हृदय मेलरोझच्या मठांत आणून पुरण्यांत आलें. पुढें जॉन बार्बर यानें सन १३७५ च्या सुमारास ही कथा जुन्या स्कॉट्स भाषेंत काव्यरूपानें लिहिली. एकानें लांबणीवर टाकलेलें वचन दुसऱ्याला प्राण देऊन वाहावें लागलें.

चवथा जेम्स राजा १५०७ सालीं राणी बाळंतपणांत अत्यवस्थ झाली असतां संत निनियनच्या व्हिटहॉर्न क्षेत्रीं पायीं गेला. राणी बरी झाली. परंतु नवें मूल पुढच्याच वर्षीं वारलें. यात्रेनें जीव विकत घेतां येत नाहीं, हें राजासही शिकावें लागलें.

मनुष्यांमधील बंध. — पंधराव्या व सोळाव्या शतकांत तेथें दुसरी एक चाल होती. दुर्बळ मनुष्य सरदाराला आपली सेवा लिहून देई व सरदार त्याच्या रक्षणाचें वचन देई. या लेखास ‘बॅन्ड’ म्हणत. आमच्या ‘बंध’ शब्दाचें व त्याचें दूरचें नातें आहे. ता. ३ डिसेंबर १५५७ रोजीं कांहीं सरदारांनीं हीच रीत धर्मकार्यास लाविली आणि सुधारलेल्या धर्माचें रक्षण करण्याचा बंध लिहून सह्या केल्या.

राष्ट्राचा करार. — सन १६३७ त पहिल्या चार्लस राजानें लोकांस न विचारतां नवें प्रार्थनापुस्तक लादलें. तेव्हां अलेक्झांडर हेंडरसन व आर्चिबाल्ड जॉन्स्टन या दोघांनीं राष्ट्रीय करार लिहिला, आणि ता. २८ फेब्रुवारी १६३८ रोजीं एडिंबरो येथील ग्रेफ्रायर्स मंदिरांत सह्यांस आरंभ झाला. करारपत्राच्या प्रती गांवोगांव गेल्या. लोकांनीं उजवा हात वर करून शपथ घेतली. ज्यांस लिहितां येत नव्हतें त्यांच्या वतीनें लेखकानें सही केली. तेव्हां नवस एकट्याचा न राहतां साऱ्या मंडळीचा झाला.

परंतु वाचकहो, यापुढील गोष्ट नीट ध्यानांत घ्या. अबर्डीन येथील कांहीं विद्वान पाळकांनीं करारावर सही करण्याचें नाकारलें. सन १६४० त संसदेनें सही सक्तीची केली. राजाच्या जुलमाविरुद्ध जो करार जन्मला, तोच आतां जुलमाचें हत्यार झाला. सन १६४३ त इंग्लंडच्या संसदेशीं दुसरा करार झाला. दुसऱ्या चार्लसला राज्य हवें होतें, म्हणून त्यानें जून १६५० मध्यें व पुन्हां ता. १ जानेवारी १६५१ रोजीं स्कोन येथील राज्याभिषेकाच्या वेळीं दोन्ही करारांची शपथ घेतली. सन १६६० त लंडनचें राज्य हातीं येतांच शपथ गळून पडली. पुढच्या वर्षीं लंडनच्या संसदेनें १६४३ चा करार जल्लादाच्या हातून जाळविला, आणि १६६२ त स्कॉटलंडांतही दोन्ही करार बेकायदेशीर ठरले.

मग उलटी शपथ मागण्यांत येऊं लागली. सन १६८५ त विगटाउन येथें वृद्ध मार्गारेट मॅक्लाक्लन व तरुण मार्गारेट विल्सन या दोघींनीं ती नाकारली. भरतीच्या पाण्यांत खांबास बांधून त्यांस बुडविलें, असें १७११ सालच्या तेथील मंडळ्यांच्या दप्तरांत नमूद आहे. राजानें शपथ घेऊन मोडली. या दोघींनीं न घेऊन आपला शब्द राखिला.

पाठाचा बोध. — अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायांत सांगितलें आहे कीं नवस न केल्यास पाप नाहीं, परंतु केल्यास तो फेडण्यास विलंब लावूं नये. स्कॉटलंडचा इतिहास हेंच शिकवितो. भयानें किंवा लाभासाठीं घेतलेली शपथ पाण्यावरची रेघ होय; मोकळ्या मनानें दिलेला शब्द मात्र कर्जासारखा फेडावा लागतो.

धर्मशिक्षक बंधूंनो, दारू सोडण्याच्या प्रतिज्ञेवर एखाद्या अडाणी बांधवाचा अंगठा घेण्यापूर्वीं त्यास ती वाचून दाखवा, अर्थ विचारा, आणि घरीं जाऊन विचार करण्यास वेळ द्या. सभेंत दहा जण पाहात असतां घेतलेला अंगठा आपल्या वहींत राहतो. त्याच्या अंतःकरणांत राहीलच असें नाहीं. तो "आज नको" म्हणाला तर त्यावर रागावूं नका. कदाचित् त्या सभेंत शपथेची किंमत त्यालाच अधिक कळली असेल.

विचारार्थ प्रश्न. — १. नवस व सौदा यांत भेद कोणता ? २. सक्तीनें घेतलेल्या सहीनें करार बळकट झाला कीं दुर्बळ ? ३. आपण कोणास दिलेला कोणता शब्द अद्याप फेडावयाचा राहिला आहे ?