गोळी पोटात गेली, पण रक्तात उतरली का?



"ही गोळी आता लागू पडत नाही," अशी तक्रार आपल्या वडीलधाऱ्या मंडळींकडून आम्ही पुष्कळदा ऐकतो, विशेषतः ज्यांचे हृदय दुबळे झाले आहे त्यांच्याकडून. गोळी तीच, मात्राही तीच; पण पाय सुजतात, दम लागतो आणि लघवी पूर्वीसारखी होत नाही. मग कोणी गोळीलाच खोटी ठरवतो, तर कोणी डॉक्टरांना न विचारता एकाच्या दोन घेतो. हे दुसरे फार धोक्याचे.

गिळलेली गोळी जठरात विरघळते खरी, पण बहुतेक औषधे रक्तात उतरतात ती पुढे, लहान आतड्यातून. हे आतडे सुमारे 6 मीटर लांब व आतून मखमलीसारखे असते. तेव्हा जठराने औषध वेळेवर पुढे ढकलले पाहिजे आणि आतड्याची भिंतही धड हवी.

हृदय कमजोर झाले की अंगात पाणी साठते. पायाची सूज बोटाने दाबून कळते. आतड्याची भिंतही तशीच सुजते, पण ती कोणाला दिसते? आता लघवीची गोळी फ्युरोसेमाइड पाहा, भारतातली लॅसिक्स, इथली फ्युसिड. निरोगी माणसातसुद्धा तिचा सरासरी निम्माच भाग रक्तात पोचतो. सुजलेल्या आतड्यातून एकूण औषध जवळजवळ तेवढेच जाते, पण रेंगाळत. बादलीभर पाणी एकदम ओतले तर मोरी धुऊन निघते. तेच थेंबथेंब सोडले तर मळ जागीच राहतो. मूत्रपिंडाचेही असेच आहे. रक्तातले औषध ठराविक पातळीवर चढल्याशिवाय ते दाद देत नाही. म्हणूनच इस्पितळात तेच औषध शिरेतून देतात; उगीच सुया टोचायच्या म्हणून नव्हे. सूज उतरली की बहुधा जुनी गोळी पुन्हा काम करू लागते.

इतर दुखण्यांतही असे घडते. अर्धशिशी उठली की जठर मंदावते व ॲस्पिरिन तिथेच पडून राहते. म्हणून गोळी दुखणे सुरू होताच घ्यावी. गव्हातील ग्लुटेन न सोसणाऱ्या सीलिॲक रोगात आतड्याची लव झडते, आणि थायरॉइडची गोळी जास्त लागते. पथ्याने लव पुन्हा उगवली की मात्रा कमी करावी लागते. जोराची हगवण लागली तर गोळीला आतड्यात थांबायला वेळच मिळत नाही.

हृदयाच्या रोग्याने रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर व न्याहारीपूर्वी, वजन करून वहीत लिहावे. 3 दिवसांत 2 किलोहून अधिक वाढले तर त्याच दिवशी कुपत होलिमच्या डॉक्टरांना कळवावे, आणि वही बरोबर न्यावी. बसल्या जागी दम लागत असेल तर मात्र वाट न पाहता 101 फिरवावा.