मरीन टँक विकायचाय? मग आधी कोण कोणाबरोबर राहतो ते शिका



अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात गप्पी, गोल्डफिश, फ्लॉवरहॉर्न विकून थोडा हात बसला की प्रत्येकाला एक दिवस वाटतंच, आता मरीन करू. वाटण्यात चूक काही नाही. बारामती एमआयडीसीच्या आसपास आता तसं गिऱ्हाईक आहे. कंपनीचं रिसेप्शन, दवाखान्याची वेटिंग रूम, नवीन बंगल्याचा हॉल. त्यांना खडक, लाटा आणि 'निमो' असलेली खाऱ्या पाण्याची टाकी पाहिजे असते आणि बिलही गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा कितीतरी मोठं होतं. सेटअप कसा लावायचा ते व्हिडिओत दाखवलं आहे. त्यात वेळेअभावी राहिलेला भाग इथे सविस्तर लिहितोय: एका टाकीत कोणाला कोणाबरोबर ठेवायचं.

हा विषय हौशी लोकांचा वाटतो, पण दुकानदारासाठी तो सरळ हिशोबाचा आहे. गप्पी मेला तर गिऱ्हाईक दुसरा गप्पी घेऊन जातं. मरीन टाकीत एक चुकीचा जीव गेला की तो बाकीच्यांना खातो, मारतो किंवा स्वतः उपाशी मरून पाणी खराब करतो. मग फोन तुम्हाला येतो.

सुरुवात जे विकायचंच नाही त्यापासून

परदेशातले व्हिडिओ बघून गिऱ्हाईक येतं आणि जिवंत कोरल मागतं. इथे थांबायचं. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि सी फॅन यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये घातलं गेलं. म्हणजे कागदावर त्यांचा दर्जा वाघाच्या बरोबरीचा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या अनुसूचीतल्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. समुद्री घोडा, समुद्री काकडी, जायंट क्लॅम नावाचा मोठा शिंपला हेही संरक्षित यादीत आहेत. मुंबईच्या बाजारात कोणी बॉक्समधून काढून दाखवलं म्हणून ते कायदेशीर होत नाही.

आपल्याकडे आणखी एक प्रकार होतो. लोक मालवण, तारकर्लीला ट्रिपला जातात आणि किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा आणून म्हणतात, "हा टाकीत ठेवा ना, छान दिसेल." मालवणचा तो समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तुकडा मेलेला असला तरी हात लावू नका आणि का लावत नाही ते गिऱ्हाइकाला शांतपणे सांगा. त्याच्याऐवजी सिरॅमिकचा किंवा सिमेंटपासून बनवलेला कृत्रिम खडक वापरा. सहा महिन्यांत त्यावर जांभळट शेवाळाचा थर चढला की बघणाऱ्याला फरकही कळत नाही.

म्हणजे आपल्या दुकानातला 'रीफ टँक' हा खडक, मासे, कोळंबी, खेकडे आणि गोगलगायी यांचा असतो. खरं सांगायचं तर नवीन माणसासाठी हेच बरं आहे. कोरलला लागणारे महागडे लाइट आणि कॅल्शियमचे डोस वाचतात.

तीन प्रश्न

कुठलाही जीव टाकीत सोडण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या. तो कोणाला खाईल? तो कोणाची जागा बळकावेल? आणि त्याला इथे खायला मिळेल का?

पहिला प्रश्न आपल्या भागात समजावणं सोपं आहे. मरळ आणि बोटभर मासळी एका हौदात ठेवायची नसते, हे भिगवणच्या बाजारात मासळी घेणाऱ्याला शिकवावं लागत नाही. समुद्री माशांचंही तेच. तोंडात मावेल ते खाल्लं जाणार. लायनफिश दिसायला झकास, पण लहान क्लाऊन आणि कोळंबी त्याचं जेवण आहे. शिवाय त्याचे काटे विषारी, लहान मुलं असलेल्या घरात तो देऊच नका. ट्रिगरफिश खेकडे आणि गोगलगायी फोडून खातो, त्यासाठीच निसर्गाने त्याला तसे दात दिलेत. पफर तसाच. ज्या टाकीत कोळंबी आहे त्या टाकीत हे दोघं नाहीत, विषय संपला.

दुसऱ्या प्रश्नावर नवीन दुकानदार सगळ्यात जास्त फसतात, कारण तिथे आकार उपयोगी पडत नाही. निळा डॅमसेल दोन इंचांचा, स्वस्त, चिवट. डॉमिनो डॅमसेल लहानपणी काळ्या अंगावर पांढरे ठिपके घेऊन इतका गोंडस दिसतो की गिऱ्हाईक चार मागतं. पण हे मासे खडकाचा एक कोपरा आपला मानतात आणि तिथे येणाऱ्या प्रत्येकाला हाकलतात. मग नवीन आलेला मासा कोपऱ्यात अंग चोरून बसतो, खात नाही आणि आठवड्याभरात जातो. गिऱ्हाईक म्हणतं, "तुमचा मासा आजारी होता." काही दुकानदार टाकी तयार करायला आधी डॅमसेल सोडतात. त्यानंतर तो पकडायचा तर सगळा खडक बाहेर काढावा लागतो. असं करू नका, हे मी प्रत्येक बॅचला सांगतो.

क्लाऊनही थोडा भांडखोर आहे, पण त्याचा स्वभाव समजून घेतला तर सांभाळता येतो. सगळे क्लाऊन जन्मतः नर असतात. जोडीतला जो मोठा आणि वरचढ, तो मादी होतो. म्हणून एकसारख्या आकाराचे दोन उचलू नका. एक मोठा, एक लहान द्या, भांडण लवकर मिटतं. आणि दोन वेगळ्या जातींचे क्लाऊन एका घरगुती टाकीत नकोत. गिऱ्हाइकाला अ‍ॅनिमोनही पाहिजे असतं, सिनेमात पाहिलेलं. क्लाऊन अ‍ॅनिमोनशिवाय व्यवस्थित राहतो. अ‍ॅनिमोन मात्र टाकीभर फिरतं, पंपात अडकतं, छोटा मासा पकडून खातं आणि मेलं तर एका रात्रीत पाणी नासवतं. पहिल्या वर्षी नाही म्हणा.

खरेदी करताना शक्यतो हॅचरीतला क्लाऊन मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तमिळनाडूतल्या मंडपम आणि केरळातल्या विळिंजम केंद्रांनी क्लाऊन आणि डॅमसेलच्या अनेक जातींची पैदास करण्याचं तंत्र बसवलं आहे. हॅचरीतला मासा पहिल्या दिवसापासून दाणे खातो. समुद्रातून पकडलेल्याला ते शिकवावं लागतं.

तिसरा प्रश्न कोणी विचारतच नाही. मँडरिन नावाचा रंगीत मासा असतो, बघितला की पैसे काढावेसे वाटतात. तो दिवसभर खडकावरचे अगदी बारीक जीव टिपत असतो. नवीन टाकीत ते जीवच नसतात, दाणे तो बहुधा तोंडात घेत नाही आणि महिन्या-दोन महिन्यांत वाळून मरतो. वाळू चाळणारा स्टारफिश लहान टाकीत असाच उपाशी मरतो. 'डोरी', म्हणजे ब्लू टँग, त्याची गोष्ट जागेची: तो वाढून फूटभर होतो आणि त्याला पोहायला लांबी लागते. तीन-चार फुटी टाकीवाल्याला डोरी देणं म्हणजे वर्षभराने तक्रार विकणं.

औषधाचं वैर

एक वैर असं आहे जे दोन प्राण्यांत नाही, औषध आणि प्राण्यात आहे. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की तांब्याचं औषध वापरतात. आपल्याकडे इंदापूर, बारामतीच्या द्राक्ष-डाळिंबवाल्यांना मोरचूद माहीत आहे, बोर्डो मिश्रणात पडतं तेच. माशाला चालणाऱ्या मात्रेत सुद्धा तांबं कोळंबी, खेकडा आणि गोगलगाय यांना मारतं. वरून ते खडकात आणि वाळूत मुरतं आणि नंतर हळूहळू पाण्यात उतरत राहतं. म्हणून मुख्य टाकीत ते कधीच टाकायचं नाही. दुकानात वेगळी क्वारंटाइन टाकी ठेवा: खडक नाही, वाळू नाही, तिची जाळी वेगळी, पाइप वेगळा. नवीन मासा तिथे तीन-चार आठवडे थांबला पाहिजे. हो, माल अडकतो. पण हा खर्च मासे विकण्याच्या किमतीत आधीच धरायचा असतो. आणि टाकीच्या पाण्याला लागतील असे पितळी किंवा तांब्याचे फिटिंग प्लंबरला लावू देऊ नका.

एक टाकी मांडून बघू

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. कागदावर साधारण २५५ लिटर. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली तर हातात २०० च्या आसपास.

पहिले ४ ते ६ आठवडे एकही मासा नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय काही सोडायचं नाही. मग शेवाळ दिसायला लागलं की आठ-दहा गोगलगायी आणि तीन-चार हर्मिट खेकडे. हर्मिटला वाढताना मोठं कवच लागतं, नाही मिळालं तर तो गोगलगायीला मारून तिचं घेतो. म्हणून चार रिकामे शंख टाकीत ठेवा. त्यानंतर लाजरे मासे: एक गोबी आणि त्याच्याबरोबर पिस्टल कोळंबी. ही जोडी दाखवून तर टाकी विकली जाते! कोळंबीला नीट दिसत नाही, ती बीळ खणते. गोबी दारात बसून पहारा देतो आणि धोका दिसला की शेपटी हलवून तिला सांगतो. दोन आठवड्यांनी दोन कार्डिनल. टाकी दोन-तीन महिन्यांची झाली की एक क्लीनर कोळंबी. पट्टेवाली बॉक्सर कोळंबी घेत असाल तर एकच घ्या, जोडी नसलेल्या दोघी एकमेकींना सोडत नाहीत. सगळ्यात शेवटी क्लाऊनची जोडी, कारण आधी आलेला क्लाऊन मालक होऊन बसतो.

मोजा: मासे पाचच. गिऱ्हाईक म्हणेल, "एवढ्या मोठ्या टाकीत पाचच?" उत्तर तयार ठेवा.

त्या उत्तरात आपल्या हवेचा भाग येतो. या टाकीचं तापमान २४ ते २७ अंश पाहिजे आणि बारामतीत एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशी पार होते. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मुरतो, त्यात लाइट गेली की पंप बंद. गर्दीची टाकी अशा दुपारी आधी मरते. चिलर परवडत नसेल तर पाण्यावर पंखा लावा. आपली हवा कोरडी असल्याने तो इथे मुंबईपेक्षा चांगलं काम करतो, दोन-तीन अंश उतरवतो. फक्त पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. बोअरचं पाणी मात्र थेट वापरू नका, उसाच्या पट्ट्यातल्या पाण्यात क्षार आणि नायट्रेट भरपूर असतात. आणि बॅटरीवर चालणारा एक एअर पंप सेटअपच्या बिलातच धरा.

काउंटरवर काय करायचं

प्रत्येक टाकीचा एक कागद करा. टाकीत सध्या कोण आहे, पुढे कोण आणि कोणत्या महिन्यात, आणि या टाकीत कधीच कोण नाही. गिऱ्हाइकाची सही घ्या, फोटो काढून त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. तो सहा महिन्यांनी "दुसऱ्या दुकानात डॉमिनो छान आलेत, घेऊ का?" असं विचारेल, तेव्हा वाद घालायची गरज पडत नाही. महिन्याची सर्व्हिस व्हिजिट याच कागदावरून करा आणि तिचे पैसे वेगळे लावा. मरीनमध्ये टिकाऊ कमाई तिथे आहे.

या आठवड्याचं काम सांगतो. तुमच्या ओळखीच्या सप्लायरची मरीन यादी मागवा आणि प्रत्येक नावापुढे तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. ज्या नावापुढे एकही उत्तर येत नाही, त्याची ऑर्डर पहिल्या लॉटमध्ये देऊ नका. यादी मोठी असेल तर क्लाऊन, गोबी, कार्डिनल आणि कोळंबीपासून सुरुवात करा. पुढच्या व्हिडिओत मुंबईहून बारामतीपर्यंत माल रात्रीच्या गाडीने कसा आणायचा, थर्माकोलच्या बॉक्समध्ये पिशव्या कशा लावायच्या ते दाखवतो.