नंबर गेला, चुरचुर राहिली

‘डॉक्टर, डोळ्यांतून सारखं पाणी वाहतंय आणि तुम्ही म्हणताय डोळे कोरडे आहेत?’ चष्म्याचा नंबर घालवायला लेसिक करून घेतलेली मंडळी हा प्रश्न जरा रागानंच विचारतात. राग रास्त आहे, कारण त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेलं नसतं.

आपल्या डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर कायम पसरलेला असतो. त्यात पाणी असतं, पाण्याला डोळ्यावर चिकटवून ठेवणारा बुळबुळीत पदार्थ असतो आणि सगळ्यात वर तेलाचा तलम पापुद्रा असतो. हे तेल पापण्यांच्या कडेतल्या ग्रंथींमधून येतं. हा थर जागोजागी फाटू लागला की डोळा चिडतो आणि अश्रुग्रंथी एकदम भसाभस पाणी सोडते, कांदा चिरताना सोडते तसंच. ते पाणी डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळतं. पाच मिनिटांनी चुरचुर पुन्हा सुरू.

लेसिकचा यात वाटा काय? डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, संवेदना नेणाऱ्या नसांचं दाट जाळं असतं. कॉर्निया कोरडा पडू लागल्याचा निरोप याच नसा मेंदूला देतात. मग पापणी लवते, अश्रू येतात. लेसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा एक कड शाबूत ठेवून गोलाकार कापतात, उचलतात आणि खालच्या भागाला लेसरनं आकार देतात. त्या कापात नसाही कापल्या जातात. निरोप कमी जातात, डोळा कोरडा पडला तरी ‘गप्प’ राहतो, पापणी कमी लवते. नसा पुन्हा वाढतात, पण सावकाश. बहुतेकांना सहा महिने ते वर्षभरात आराम पडतो. नसांची दाटी पूर्ववत व्हायला मात्र कित्येक वर्षं लागू शकतात. स्माइल या नव्या पद्धतीत पापुद्रा उचलत नाहीत, काही मिलिमीटरचा छेद पुरतो. त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत कोरडेपणा कमी राहतो. कमी, शून्य नव्हे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनानं लेसिकविषयी केलेल्या पाहणीचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. आधी डोळे कोरडे असल्याची काहीच तक्रार नसलेल्यांपैकी जवळपास 30 टक्के लोकांना शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी ती जाणवत होती. त्याच पाहणीत 95 टक्क्यांहून अधिक लोक नजरेवर खूश होते, आणि रोजची कामं करणं फार कठीण झालंय असं सांगणारे एक टक्क्याहून कमी होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ खडाखडा वाचणारा माणूस दुपारी चार वाजता डोळे उघडे ठेवू शकत नाही, असं होऊ शकतं. तक्ता नजर मोजतो, आग मोजत नाही. म्हणून ‘6/6 दिसतंय ना, मग झालं!’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नका.

आणखी एक गोष्ट मी वारंवार पाहतो. लग्न ठरायच्या आधी चष्मा घालवायचा म्हणून मुलं-मुली घाईनं येतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना कॉन्टॅक्ट लेन्स सोसत नसते, म्हणून लेसर हवं असतं. पण लेन्स का सोसत नाही, हे विचारायचं राहून जातं. कित्येकदा डोळे आधीपासूनच कोरडे असतात! मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, थायरॉइड किंवा संधिवाताचा आजार असेल, सर्दीसाठी उठसूट सेट्रिझिन घ्यायची सवय असेल, तर ते शस्त्रक्रियेआधी सांगा. शस्त्रक्रिया होऊन गेली असेल तर आता सांगा.

‘मुंबईची हवा एवढी दमट, मग डोळे कोरडे कसे?’ हाही नेहमीचा प्रश्न. पण आपण मुंबईच्या हवेत राहतो कुठे? अंधेरीच्या एमआयडीसीत किंवा सीप्झमध्ये दहा तास एसीत, समोर दोन स्क्रीन. बोरिवलीहून पहिली एसी लोकल 25 डिसेंबर 2017 रोजी सुटली, तेव्हापासून अनेकांचा प्रवासही थंड वाऱ्यात होतो, आणि त्या प्रवासात डोळे मोबाइलवर. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा लवणारी पापणी स्क्रीनसमोर पाच-सात वेळाच लवते, तीही अर्धवट. घाटकोपर-मुलुंड पट्ट्यात बांधकामांची धूळ, आणि डिसेंबर-जानेवारीत कोरडा वारा. रात्री घरी पलंगाच्या बरोब्बर वर पाचवर फिरणारा पंखा. झोपेत पापण्या किंचित उघड्या राहणाऱ्यांचे डोळे सकाळी उघडताना चिकटतात, ते यामुळे. पलंग सरकवता येत नसेल तर निदान उशीची बाजू बदला. ऑफिसात एसीचा झोत थेट तोंडावर येत असेल तर जागा बदलून मागा. त्यासाठी मी चिठ्ठ्या लिहून देतो, तुमचे डॉक्टरही देतील. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा खाली ठेवला की डोळा कमी उघडा राहतो. वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद पाहा हा नियम तुम्ही ऐकला असेलच. त्यात पापण्या पूर्ण मिटून, क्षणभर तशाच ठेवून उघडणं तेवढं जोडा.

आता थेंबांविषयी. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालायचे असतील तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले घ्या. बाटली टिकावी म्हणून घातलेलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड कोरड्या कॉर्नियाला आणखी दुखावतं. छोट्या एकदाच वापरायच्या व्हायल मिळतात. फोडलेली व्हायल दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. डोळा चुरचुरला की थेंब, असं न करता ठरावीक वेळांना घाला. रात्री जेल. ‘लाली घालवणारे’ थेंब नकोत, गुलाबजल नको, मध तर नकोच. आणि मेडिकलवाल्याकडून स्वतःहून स्टेरॉइडचे थेंब आणू नका. दोन दिवसांत स्वर्ग वाटतो, पण देखरेखीशिवाय चालू राहिले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो. तेच थेंब डॉक्टर मोजक्या दिवसांसाठी देतात, तेव्हा गोष्ट वेगळी. सायक्लोस्पोरिनचे थेंब सुरुवातीला झोंबतात आणि गुण यायला तीन ते सहा महिने लागतात. अनेक जण तिसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात, ते तेवढं करू नका.

पण कुठलाही महागडा थेंब घेण्याआधी तुमचा कोरडेपणा कुठल्या जातीचा आहे ते कळायला हवं. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते ते पाहतात. पाच मिलिमीटरसुद्धा भिजली नाही तर पाणीच कमी आहे. दुसऱ्या तपासणीत पिवळा रंग घालून अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते मोजतात. दहा सेकंदांच्या आत फाटला तर बहुधा तेलाची भानगड आहे. या तपासण्यांना मोठं यंत्र लागत नाही. कूपर, राजावाडीसारख्या पालिकेच्या रुग्णालयांतही नेत्रविभाग आहेत.

तेलाचा दोष असेल तर शेक हाच मुख्य उपचार, आणि तोच सगळ्यांचा चुकतो. कोमट पाण्यात बुडवलेला रुमाल मिनिटभरात गार होतो, मग नुसता ओला रुमाल डोळ्यांवर ठेवून काय मिळणार? दोन नॅपकिन घ्या, एक डोळ्यांवर, एक गरम पाण्यात, आणि दर मिनिटाला अदलाबदल. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, सोसेल इतकाच गरम. आठ-दहा मिनिटांनी डोळे मिटून बोटाच्या पेरानं वरची पापणी कडेकडे खाली आणि खालची पापणी वर, अलगद निपटा. बुबुळावर दाब देऊ नका. लेसिक झालेल्यांनी डोळे चोळणं तर पूर्ण बंद करायचं. कॉर्निया आधीच पातळ झालेला असतो. हा शेक रोज, महिनोन्‌महिने.

माशाच्या तेलाच्या गोळ्यांबद्दल खूप जण विचारतात. 2018 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत त्या गोळ्या आणि ऑलिव्ह तेलाच्या गोळ्या यांत फरक दिसला नाही. बांगडा, तारली खा, चवीसाठी खा.

एवढं करूनही भागत नसेल तर पुढचे उपाय आहेत: अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांना बूच, स्वतःच्या रक्तातल्या सीरमचे थेंब, स्क्लेरल लेन्स. एक गट मात्र वेगळा. तपासणीत डोळा जवळपास स्वच्छ, पट्टी भिजते, तरी आग असह्य. अशा वेळी कापल्या गेलेल्या नसा पुन्हा वाढताना चुकीचे निरोप देत असू शकतात. बधिर करणारा थेंब घालूनही वेदना राहिली तर तिचं मूळ डोळ्याच्या पृष्ठभागाच्या पलीकडे आहे असं समजतात, आणि तिथे नसांच्या दुखण्यावरची औषधं लागतात. ‘मनाचे खेळ आहेत’ असं ऐकून घरी येऊ नका; कॉर्नियाच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी मागा. सततच्या दुखण्यानं मन खचतं, झोप उडते, तेही डॉक्टरांना सांगा. टेलि-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

अचानक जोरात दुखू लागलं, उजेड सोसेना, नजर कमी झाली, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला किंवा डोळ्याला मार लागला तर त्याच दिवशी दाखवा.

शेवटी, ‘थोडा नंबर परत आलाय, पुन्हा लेसर मारून घेऊ का?’ असं विचारणाऱ्यांसाठी. कोरड्या डोळ्याचा नंबर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा येतो. पापणी लवली की अक्षरं स्पष्ट होत असतील तर दोष बहुधा अश्रूंच्या थराचा आहे. आधी काही महिने कोरडेपणाचा नीट उपचार करा आणि मग वेगवेगळ्या दिवशी दोनदा नंबर काढून घ्या. पुष्कळांना दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरजच उरत नाही. तोवर रात्री गाडी चालवायला हलक्या नंबरचा चष्मा लावला तर काही बिघडत नाही.