कार्यालयांमधील दूरदृश्य बैठक : तंत्र न जाणणाऱ्या प्रमुखासाठी चार पाठ

नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्ली व भोवतालच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील हवा इतकी बिघडली की, वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाला प्रतिबंधक आराखड्याचा सर्वांत कडक असा चौथा टप्पा 18 तारखेपासून लागू करावा लागला. दोनच दिवसांनी दिल्ली सरकारने आपल्या निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करण्यास सांगितले. समजा, एखाद्या मध्यम उद्योगाचे मुख्य कार्यालय करोल बागेत, कारखाना नोएडात आणि विक्री कार्यालय गुरुग्रामला आहे. अशा दिवसांत त्याच्या प्रमुखापुढे मोठीच अडचण उभी राहते. एरवीही या तिन्ही ठिकाणी एका दिवसात जाऊन यायचे, तर बराचसा दिवस रस्त्यावरच सरतो.

दूरदृश्य बैठक हा यावरील सोपा उपाय होय. परंतु अनेक अनुभवी प्रमुख ‘संगणकाचे ते काम मुलांकडे आहे’ असे म्हणून त्यातून अंग काढून घेतात. बैठकीचा दुवा पाठविणे, कॅमेरा जोडणे ही कामे दुसऱ्यावर सोपविता येतात, यात शंका नाही. मात्र बैठक कशासाठी आहे, समोर कोण आहे आणि तीत दिलेला शब्द केव्हा बंधनकारक ठरतो, हे प्रमुखालाच ठरवावे लागते. त्यासाठी तंत्रज्ञ होण्याची आवश्यकता नाही. पुढील चार पाठ पुरेसे आहेत.

पाठ पहिला : बैठकीआधीचा आठवडा

या विषयातील एक उत्तम नमुना दिल्लीतच आहे. 25 मार्च 2015 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ‘प्रगती’ या मंचाचा प्रारंभ झाला. पंतप्रधान कार्यालय, केंद्र शासनाचे सचिव आणि राज्यांचे मुख्य सचिव अशा तीन पातळ्यांवरील अधिकारी त्यात दूरदृश्य प्रणालीने एकत्र येतात व रखडलेले प्रकल्प, योजना आणि जनतेची गाऱ्हाणी यांचा आढावा घेतला जातो. ही व्यवस्था पंतप्रधान कार्यालयाने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजेच एनआयसीच्या साहाय्याने घडविली.

तिचे प्रारंभी जाहीर झालेले वेळापत्रक अभ्यासण्याजोगे आहे. बैठक महिन्याच्या चौथ्या बुधवारी दुपारी साडेतीन वाजता. तिचे विषय मात्र सात दिवस आधी, तिसऱ्या बुधवारी, संगणकावर नोंदवावयाचे. संबंधित सचिवांनी सोमवारपर्यंत आपली उत्तरे व ताजी माहिती भरावयाची. मंगळवार छाननीसाठी राखून ठेवलेला. त्यामुळे प्रत्यक्ष बैठकीत विषय निघताच त्याची अद्ययावत माहिती व दृश्ये पडद्यावर समोर असावीत, अशी ही रचना होती. ‘माहिती घेऊन सांगतो’ या उत्तराला तीत फारसा वाव उरत नाही.

लहान कार्यालयाला सात दिवसांची गरज नाही. दोन दिवस पुरतात. सोमवारी बैठक असेल, तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत विषयपत्रिका सर्वांकडे जावी. तीत चार-पाचांहून अधिक विषय नसावेत आणि प्रत्येक विषयापुढे उत्तर देणाऱ्याचे नाव असावे. शनिवारी कारखान्याने उत्पादनाचे व विक्री कार्यालयाने येणे रकमांचे आकडे एका पानावर पाठवावेत. कॅमेऱ्यासमोर आकडे वाचून दाखविण्यात वेळ गेला, तर निर्णयासाठी तो उरत नाही.

पाठ दुसरा : आधी आवाज, मग चित्र

एकेकाळी दूरदृश्य बैठक हे मोठ्या संस्थांचेच काम होते. 1990 च्या दशकात त्यासाठी आयएसडीएन दूरध्वनी वाहिन्या घेतल्या जात. 64 किलोबिटच्या सहा वाहिन्या एकत्र जोडून 384 किलोबिटचा मार्ग तयार केला जाई आणि त्यावर बऱ्यापैकी चित्र दिसे. उपग्रहामार्फत बोलताना आणखी एक अडचण होती. भूस्थिर उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतो. शब्द वर जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद लागतो आणि प्रश्नाचे उत्तर कानी पडण्यास किमान अर्धा सेकंद. एवढ्याने माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. आज आवाज व चित्र बहुधा प्रकाशतंतूंच्या जाळ्यातून जात असल्याने हा विलंब पुष्कळ कमी झाला आहे. तरीही बोलणाऱ्याचे वाक्य संपल्यावर क्षणभर थांबून मग बोलण्याची सवय उपयोगी पडते.

एका चांगल्या चित्रासाठी सेकंदाला साधारणतः दोन ते चार मेगाबिट इतका वेग दोन्ही दिशांनी लागतो. जोडणी घेताना आत येणाऱ्या वेगाची जाहिरात पाहिली जाते. बाहेर जाणारा वेग विचारायचा राहून जातो. दुसऱ्या कार्यालयास आपले चित्र अडखळत दिसते, त्याचे कारण बहुधा तेथेच असते. आवाजाला मात्र सेकंदाला 100 किलोबिटही लागत नाहीत. म्हणून जोडणी मंदावली तर प्रमुखाने निःसंकोचपणे सर्वांना कॅमेरे बंद करण्यास सांगावे. चित्राविना बैठक चालू शकते, आवाजाविना नाही.

घुमणारा आवाज ही नित्याची तक्रार. एका कार्यालयातील ध्वनिवर्धकाचा आवाज तेथीलच मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि बोलणाऱ्याकडे परत जातो. न बोलणाऱ्यांनी मायक्रोफोन बंद ठेवणे किंवा कानाला हेडफोन लावणे, हा त्याचा उपाय. आठ माणसे एका लॅपटॉपभोवती बसणार असतील, तर टेबलाच्या मध्यभागी ठेवावयाचा स्वतंत्र मायक्रोफोन घ्यावा. महागड्या कॅमेऱ्यापेक्षा तो अधिक कामी येतो. बैठकीच्या संगणकाला शक्यतो तारेची जोडणी द्यावी. वीज गेली तर संगणकाबरोबर इंटरनेटचा राउटरही यूपीएसवर चालेल, हे आधीच पाहावे. पाठीमागे खिडकी असल्यास चेहरा काळवंडतो. उजेड समोरून यावा.

पाठ तिसरा : खोलीत आणखी कोण आहे?

पडद्यावर दिसणारा माणूस ‘हजर’ मानावा काय? या प्रश्नाचे महत्त्वाचे उत्तर दिल्लीतील सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2003 रोजी महाराष्ट्रातील एका प्रकरणात दिले. मुंबईत चाललेल्या वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यात न्यूयॉर्कमधील एका डॉक्टरांची साक्ष दूरदृश्य प्रणालीने घ्यावी, असा अर्ज होता. उच्च न्यायालयाने ती परवानगी नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती दिली आणि कायद्याला अभिप्रेत असलेली उपस्थिती केवळ शारीरिकच असली पाहिजे असे नाही, असा निर्वाळा दिला.

त्या निर्णयातील एक सूचना कार्यालयांनीही मनावर घ्यावी अशी आहे. साक्षीदार बसेल तेथे एक जबाबदार अधिकारी उपस्थित असावा. खोलीत अन्य कोणी नाही आणि साक्षीदाराला कोणी पढवीत नाही, याची त्याने खात्री करावी, असे न्यायालयाने सांगितले. कॅमेरा समोरचेच दाखवितो. त्याच्या मागे कोण बसले आहे, ते दाखवीत नाही. म्हणून वेतन, दर किंवा ग्राहकाची गोपनीय माहिती निघण्यापूर्वी प्रत्येक कार्यालयाने खोलीत कोण कोण आहे, ते नावानिशी सांगावे. हा अविश्वास मानू नये. ती बैठकीची रीत आहे.

नोंदीचेही तसेच. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 173 नुसार संचालकांना दूरदृश्य माध्यमातून संचालक मंडळाच्या बैठकीत भाग घेता येतो. परंतु ते माध्यम त्यांचा सहभाग नोंदवू शकणारे आणि बैठकीचे कामकाज तारीख-वेळेसह जतन करू शकणारे असावे लागते. साध्या कार्यालयीन बैठकीतही एका व्यक्तीने टिपणे घ्यावीत आणि त्याच दिवशी निर्णय, जबाबदार व्यक्ती व मुदत लेखी कळवावी. ध्वनिचित्रमुद्रण करावयाचे असल्यास आरंभीच सर्वांना सांगावे.

पाठ चौथा : चेहरा ही सही नव्हे

आता सर्वांत महत्त्वाचा पाठ. 2024 च्या आरंभी हाँगकाँगमध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या वित्त विभागातील कर्मचाऱ्याला एका दूरदृश्य बैठकीत बोलाविण्यात आले. पडद्यावर कंपनीचे मुख्य वित्त अधिकारी व ओळखीचे सहकारी दिसत होते. त्यांच्या सांगण्यावरून त्याने सुमारे 20 कोटी हाँगकाँग डॉलर इतरत्र वळते केले. ते सारे चेहरे व आवाज संगणकाने बनविलेले होते. डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले, तरी ते खोटे निघाले.

भारतातही ‘डिजिटल अटके’च्या नावाखाली गणवेशातील तोतये दूरदृश्य कॉलवरून लोकांना घाबरवून पैसे उकळतात. कायद्यात अशा अटकेची तरतूदच नाही, असे पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 रोजी ‘मन की बात’मधून स्पष्ट केले.

बँका या माध्यमाचा वापर कसा करतात, हे येथे पाहण्यासारखे आहे. रिझर्व्ह बँकेने 9 जानेवारी 2020 रोजी ग्राहकाची ओळख दूरदृश्य माध्यमातून पटविण्यास अनुमती दिली. पण नुसता चेहरा पाहून ओळख पटल्याचे मानले जात नाही. ग्राहकाची संमती, प्रशिक्षित अधिकारी, कागदपत्रांची पडताळणी, ठिकाणाची नोंद आणि तारीख-वेळेसह मुद्रण, एवढे सारे तीत आवश्यक असते.

प्रत्येक प्रमुखाने आपल्या कार्यालयांसाठी एक साधा नियम लेखी घालून द्यावा : दूरदृश्य बैठकीत मिळालेल्या तोंडी आदेशावरून कोणतीही रक्कम पाठवू नये आणि कोणत्याही देणेकऱ्याचा वा पुरवठादाराचा खाते क्रमांक बदलू नये. आदेश मिळाल्यावर कर्मचाऱ्याने कार्यालयातील नोंदवहीत असलेल्या क्रमांकावर स्वतः दूरध्वनी करावा आणि दोन अधिकाऱ्यांच्या लेखी मंजुरीनंतरच व्यवहार करावा. ‘साहेबांनाच उलट विचारायचे कसे?’ हा संकोच फसविणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. म्हणून असा दूरध्वनी आला की प्रमुखाने त्या कर्मचाऱ्याचे सर्वांसमक्ष कौतुक करावे.

बैठकीचे दारही बंद असावे. केंद्रीय गृह मंत्रालयाने एप्रिल 2020 मध्ये एका लोकप्रिय सेवेबाबत खाजगी वापरकर्त्यांना दिलेल्या सूचना आजही सर्व सेवांना लागू पडतात : प्रत्येक बैठकीसाठी नवा क्रमांक व परवलीचा शब्द, येणाऱ्यास आधी प्रतीक्षा कक्षात थांबविणे आणि सर्व जण आल्यावर बैठकीला कुलूप लावणे.

दुर्दैवाने पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न लावता 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर व आपल्या बँकेत कळवावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी रोखली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

पुढील बैठकीच्या आदल्या दिवशी प्रमुखाने सहाय्यकाला चार प्रश्न विचारावेत. विषयपत्रिका गेली का? आवाज तपासला का? खोलीत कोण कोण बसणार? पैशांचा विषय निघाल्यास खातरजमा कोण करणार? या चारही प्रश्नांची उत्तरे तयार असतील, तर कळ दाबण्याचे काम खुशाल मुलांवर सोपवावे.