अखेरच्या दिवसांतील सोबत

मरणासन्न व्यक्तीजवळ बसणे हेही शिकावे लागते. केरळात १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार प्रभृतींनी कोझिकोड येथे असाध्य रोग्यांच्या वेदनाशमनाचे कार्य आरंभिले. पुढे त्यातूनच गावोगावच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. आठवड्यातून निदान दोन तास देऊ शकणारा कोणीही शेजारी प्रशिक्षण घेऊन त्यात सहभागी होऊ शकतो. औषधोपचार डॉक्टर व परिचारिका पाहतात. स्वयंसेवकाची कसोटी लागते ती घरच्या माणसांशी बोलताना.

अखेरच्या दिवसांत रोग्याची भूक मावळते. ‘उपाशी कसे ठेवायचे?’ या भावनेने घरची माणसे चमच्याने पेज भरवू पाहतात. गिळण्याची शक्ती सरलेल्या रोग्याला ठसका लागतो. अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोकाही असतो. परंतु हा आग्रह मायेचा असतो, म्हणून ‘भरवू नका’ एवढे सांगून भागत नाही. देहाचे व्यापार मंदावल्यामुळे अन्न नकोसे होते, हे स्वयंसेवक समजावतो आणि भरवणाऱ्या हाताला दुसरे काम देतो : ओल्या कापसाने ओठ भिजवणे, पाय हळुवार चोळणे. रोग्याशी बोलत राहा, असेही तो सांगतो. कारण शुद्ध हरपलेली दिसली तरी त्याला ऐकू येत असण्याचा संभव असतो.