नात्यांचा तक्ता कसा काढावा

'तुमच्यात सोयरीक कुठे करतात?' असं गावात कोणालाही विचारलं, की उत्तर रीतीचं मिळतं. कोणाची लेक प्रत्यक्षात कोणत्या घरी गेली, हे त्यातून कळत नाही. म्हणून रीत विचारायची नाही, माणसं विचारायची. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हा डॉक्टर १८९८ साली केंब्रिजच्या मोहिमेबरोबर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या मधल्या टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेला होता. तिथल्या लोकांची नजर आणि इतर इंद्रियं तपासताना त्याने त्यांच्या वंशावळी उतरवून घेतल्या. त्या समाजाची घडी या वंशावळींतच दिसते, हे त्याच्या लक्षात आलं. प्रश्न विचारताना तो आई, बाप, मूल, नवरा आणि बायको एवढीच नाती वापरायचा. मानववंशशास्त्राचे विद्यार्थी आजही याच वाटेने सुरुवात करतात, आणि आपल्या घराण्यासाठीही ती तितकीच उपयोगी आहे.

ड्रॉइंगचा मोठा कागद, पेन्सिल, खोडरबर आणि एक वही एवढं साहित्य पुरे. संगणक नंतर. पुरुषासाठी त्रिकोण काढा, स्त्रीसाठी वर्तुळ. नवरा-बायकोच्या मध्ये बरोबरीचं चिन्ह, भावंडांच्या डोक्यावर आडवी रेघ, आईबापांपासून मुलांपर्यंत उभी रेघ. मयत माणसाच्या चिन्हावर तिरकी रेघ मारा.

आता सांगणारं माणूस निवडा. ते घरातली वयस्कर सून असावं, असा माझा आग्रह आहे. तिला माहेर आणि सासर ही दोन्ही घराणी आतून ठाऊक असतात. तिचं वर्तुळ कागदाच्या मध्यावर काढून रंगवा आणि तिथून वर चढा.

पहिला प्रश्न 'भाऊ किती?' असा नको. आपल्याकडे चुलतभाऊही भाऊच आणि भावकीतलाही भाऊच. 'तुमच्या आईच्या पोटची मुलं किती? थोरल्यापासून सांगा,' असं विचारा. दोन भावंडांत मोठं अंतर दिसलं, तर मधलं एखादं मूल गेलं होतं का, हे हळुवारपणे विचारा. लहानपणी गेलेली मुलं आपणहून कोणी सांगत नाही. मग प्रत्येकाचं लग्न कोणाशी झालं, कोणत्या गावी, मुलं किती, हे घ्या. तेवढं झालं की वडिलांची भावंडं, आजा-आजी, पणजोबा. आईच्या बाजूला तितकाच वेळ द्या. बहुतेक तक्ते इथेच विरळ होतात.

प्रत्येक वर्तुळाखाली त्या बाईचं माहेरचं आडनाव आणि गाव लिहायचंच. हे काम करायचं खरं कारण माझ्या मते हेच आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या असोत की दक्षिण महाराष्ट्रात दारोदार जाऊन वंशावळ सांगणारे हेळवी, वंश चालतो तो बाप-लेकाच्या ओळीने. सरकारी कागदांत वारसनोंदीच्या फेरफारात बहिणींची नावं असू शकतात, पण हक्कसोड झाला की सातबाऱ्यावरून ती जातात. म्हणून नुसता सातबारा पाहून थांबू नका, जुने फेरफार काढून वाचा. लग्नात नाव बदलण्याची चाल असेल, तर माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं एकाच वर्तुळाखाली हवीत. नाहीतर एकाच बाईच्या दोघी होतात. आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं असतंच, तेव्हा सारख्या नावांना क्रमांक द्या.

सन कोणाला आठवत नाही, प्रसंग आठवतात. १९६१ चा पानशेतचा पूर, १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, १९९३ चा किल्लारीचा भूकंप. 'दुष्काळात हा रांगत होता की शाळेत जात होता?' या प्रश्नाला उत्तर चटकन येतं.

माणसं भरून झाली, की दुसरी फेरी हाकांची. तक्त्यातल्या एकेकावर बोट ठेवून दोन गोष्टी विचारा: समोरासमोर काय म्हणता, आणि परक्याला ओळख करून देताना कोण म्हणून सांगता? 'सासू' म्हणून सांगितलेल्या बाईला समोर 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामंजी' म्हटलेलं अनेक घरांत ऐकू येईल. आता तक्ता पाहा: ही सासू खरोखर त्या सुनेच्या बापाची बहीण आहे का? मुलाने मामाची मुलगी करणं महाराष्ट्रातल्या पुष्कळ समाजांत चालत आलं आहे. आत्याची मुलगी करणं तितकंसं रुचत नाही. उत्तर भारतात बहुतेक हिंदू समाजांत दोन्ही वर्ज्य. प्रांताप्रांतांतले हे फरक इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरच्या इंग्रजी ग्रंथात मांडले. असं लग्न जिथे झालं, तिथे कागदावर रेघा फिरून पुन्हा एकमेकींना मिळतात. असे फेरे पिढीवार मोजा. आजीच्या पिढीत किती, नातीच्या पिढीत किती, हे पाहिलं की रीत टिकली की सुटली, ते दिसतं. जिथे देवक पाळतात, तिथे प्रत्येक लग्नात दोन्ही घरांची देवकं वेगळी आहेत का, हेही तपासा.

मग दुसऱ्या शाखेतल्या कोणाकडून तीच माहिती नव्याने घ्या, आधीचा कागद न दाखवता. दोघांचं जुळलं नाही, तर दोन्ही म्हणणी कोणी सांगितलं त्या नावासह वहीत ठेवा.

पाट लावलेली बाई, दुसरी बायको, दत्तक, घरजावई हे विषय चारचौघांत काढू नका. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेली लेक पुष्कळदा सांगण्यातूनच गळते. तिचं वर्तुळ तक्त्यात असायला हवं. पण ते एकांतात विचारून आणि सांगणाऱ्याची परवानगी घेऊनच. जमिनीचा वाद चालू असलेल्या घरात तर तक्ता कशासाठी काढता आहात, हे आधीच स्पष्ट सांगा आणि मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नका.

शेवटी शाईने स्वच्छ प्रत करा. मागच्या बाजूला तारीख, गाव आणि चिन्हांचा खुलासा लिहा. खासगीत सांगितलेलं वगळून एक प्रत सांगणाऱ्या बाईंना द्या, आणि ती देताना पुन्हा वाचून दाखवा. राहिलेली नावं बहुधा तेव्हाच निघतात, म्हणून कडेला जागा मोकळी ठेवा.