सारथ्याचे हात

श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात विसाव्या व पंचविसाव्या श्लोकांत ‘लोकसंग्रह’ हा शब्द आला आहे. भाषांतर करताना त्यासाठी ‘लोकांचे नेतृत्व’ असा पर्याय योजण्याचा मोह होतो. परंतु ‘सम्’ उपसर्गासह ‘ग्रह्’ धातूचा भाव एकत्र धरून ठेवणे, सांभाळणे असा आहे. जनांनी सन्मार्ग सोडू नये म्हणून त्यांना सांभाळून घेणे, हाच लोकसंग्रह होय. त्याचे साधन एकविसाव्या श्लोकात सांगितले आहे. श्रेष्ठ पुरुष जसा वागतो, तसेच इतर जन वागतात. तेथे आज्ञेचा उल्लेखही नाही. आहे तो आचरणाचा.

हा उपदेश करणारे भगवंत बसले आहेत कोठे? सारथ्याच्या जागी! द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवशी रथाचे घोडे थकले व बाणांनी विद्ध झाले. अर्जुन भूमीवर उतरून शत्रूस थोपवू लागला, आणि श्रीकृष्णांनी घोडे सोडून त्यांच्या अंगांतील बाण काढले, त्यांना हातांनी चोळले, पाणी पाजले व मग पुन्हा रथास जुंपले. ज्या हातांनी रथाला दिशा दिली, त्याच हातांनी घोड्यांची शुश्रूषा केली.

महाराष्ट्रात गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हाच क्रम पाळला. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडावयाचे आणि रात्री कीर्तन करावयाचे. आधी कृती, मग वाणी!

प्रस्तुत लेखकास हा क्रम उशिरा उमगला. दिल्लीच्या मयूर विहारात एका गृहनिर्माण संस्थेच्या आवारात मी हाच अध्याय सांगत असे. एके दिवशी निरूपण संपवून निघालो आणि सहज मागे वळून पाहिले, तो वृद्ध चौकीदार एकटाच सतरंज्या आवरीत होता. लोकसंग्रहावर तासभर बोललेला मी चपला घालून उभा होतो! पुढच्या आठवड्यात निमूटपणे सतरंजीचे दुसरे टोक धरले. काही दिवसांनी आणखी दोघे-तिघे, न सांगता, हात लावू लागले.

परंतु त्याच वेळी मनात आले, ‘हे कोणी पाहिले का?’ खरी परीक्षा येथेच आहे. अठराव्या अध्यायाच्या सव्विसाव्या श्लोकात सात्त्विक कर्त्याचे वर्णन करताना तो आसक्तिरहित आणि ‘मी’पणाची भाषा न करणारा असतो, असे म्हटले आहे. सेवेचा अहंकार हा सत्तेच्या अहंकाराहून सूक्ष्म, म्हणूनच अधिक घातक होय.

गृहस्थाश्रमी साधकाने याकरिता वनात जावयास नको. घरात पाण्याची टंचाई असता कर्त्या पुरुषाने आपली बादली शेवटी भरावी. मुलास जे काम सांगावयाचे, ते आधी स्वतः करावे. संस्थेचे पद मिळाल्यास सर्वांत कष्टाचा वाटा आपल्याकडे घ्यावा. आणि रोज एक सेवा अशी करावी, की जी कोणास कळणार नाही. एवढे साधले, तर तिसरा अध्याय केवळ पठणात न राहता आचरणात उतरू लागेल.